चिठ्ठीवाली रतीबा

कफ्र नईम गावच्या औषधाच्या दुकानात रतीबा अठरा वर्षं कामाला आहे. दुकान डॉक्टर मगदींचं. औषधवाल्याला डॉक्टर म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, त्यामुळे ते डॉक्टर. ते अकरा वाजता येतात, चहा पितात, हवेच्या नावाने खडे फोडतात आणि दुपारच्या नमाजाला घरी जातात. दुकान चालवते रतीबा, हे गावातल्या गाढवांनाही ठाऊक आहे.

कफ्र नईममध्ये औषधाचा अख्खा खोका कोणी घेत नाही. एक पट्टी घेतात, कधी अर्धीच. "दोन गोळ्या काप गं रतीबा," म्हणतात, आणि ती कात्रीने टचकन कापून देते. खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला एक कागद असतो. पट्टी गिऱ्हाइकाबरोबर जाते, कागद खोक्यात राहतो. शेवटची पट्टी नेणाऱ्याला तो मिळतो आणि तो त्यात टरबुजाच्या भाजलेल्या बिया बांधून नेतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. रतीबालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग शाबानचं प्रकरण झालं. शाबान अलेक्झांड्रियाच्या रस्त्यावर मिनीबस चालवायचा. एका पहाटे पोटाला हात लावत आला. "थांबवणारी गोळी दे ताई, गाडी भरलीय." रतीबाने दहाची पट्टी कापून दिली. अंगात ताप आहे हे त्याने सांगितलं नाही. शौचाला रक्त पडतंय हे तर लाजेपायी बायकोलाही सांगितलं नव्हतं. दर पाच मैलांवर गाडी थांबवली तर उतारू शिव्या घालणार, म्हणून पठ्ठ्याने तिसऱ्या प्रहरापर्यंत आठ गोळ्या गिळल्या. जुलाब थांबले आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आतली घाण आतच राहिली. पाच दिवस मन्सूरा शहराच्या इस्पितळात काढून तो वाचला, परत आला आणि रतीबाला हसून म्हणाला, "तुझी गोळी मात्र जोरदार होती हं!"

रतीबाला हसू आलं नाही. ती खण उघडून त्या खोक्यातला कागद घेऊन बसली. गिऱ्हाइकं खोळंबली होती, ती वाचत राहिली. तिची शाळा आठवीत सुटली होती, बाप इस्त्रीवाला होता, पण वाचता चांगलं येत होतं. ताप असेल तर घेऊ नये. रक्त पडत असेल तर घेऊ नये. एवढ्याहून जास्त घेऊ नये. सगळं तिथे लिहिलेलं होतं आणि कागद तिच्या खणात पडून होता. शरमेने तिची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवसापासून तिने चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापायचा, निळ्या पेनने लिहायचं आणि पट्टीबरोबर रबराने बांधून द्यायचं. आधी दोन गोळ्या, मग दर पातळ शौचानंतर एक, दिवसात चारच्या वर अजिबात नाही. दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. ताप किंवा रक्त असेल तर गोळीला हात लावू नका. लहान मुलांना कधीच नाही. पाणी आणि क्षाराची पुडी पीत राहा, कारण गोळी फक्त दार लावते, गेलेलं पाणी परत आणत नाही.

गावाला आयती करमणूक मिळाली. "काय रतीबा, आजच्या पेपरात काय बातमी?" असं न्हाव्यापासून इमामांपर्यंत सगळे विचारू लागले. मगदी डॉक्टर तर वैतागलेच.

"अगं, तू गिऱ्हाइकाला घाबरवतेस."

"घाबरलेलं गिऱ्हाईक परत येतं डॉक्टर. मेलेलं येत नाही."

यावर डॉक्टरांनी चहा मागवला.

पण या चिठ्ठीत एक भोक होतं आणि ते रतीबाच्या लक्षात यायला वेळ लागणार होता. माणूस बरा झाला की चिठ्ठी चुलीत जायची आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजवर. तिथून त्या शेजारणीकडे, शेजारणीकडून नणंदेकडे. आमच्याकडे उरलेली गोळी फेकणं म्हणजे पाव फेकण्याइतकंच पाप.

आता हाजीण तफीदाबद्दल सांगायला हवं. कालव्यालगतच्या गल्लीत तिचा शब्द शेवटचा. कोणाच्या मुलाचं नाव काय ठेवायचं, कोणाच्या सुनेला कितव्या महिन्यात माहेरी पाठवायचं, हे हाजीण ठरवणार आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. रतीबाच्या चिठ्ठ्यांवर तिचा विशेष राग. "अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीय ती," हे ती दुकानासमोरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणायची. या हाजीणीचा मुलगा रिझ्क मालट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. लग्नानंतर नऊ वर्षं त्याला मूल नव्हतं. नऊ वर्षं त्याची बायको रिहाम दर्ग्यापासून इस्पितळापर्यंत सगळ्या पायऱ्या झिजवून आली, आणि मग तालीन झाली. हाजीण त्या पोरीला जमिनीवर पाय टेकू देत नसे.

ऑगस्टातली गोष्ट. भाताच्या शेतांवरून दमट वाफ येत होती, माशांनी उच्छाद मांडला होता. सकाळी नऊला रिहाम दुकानात आली. डोक्याचा रुमाल कसाबसा गुंडाळलेला.

"थांबवणारी गोळी दे. अर्धी पट्टी."

"कोणासाठी?"

"सासूबाईंसाठी."

"हाजीणबाईंसाठी? काल संध्याकाळी तर चौकात कलिंगडवाल्याची सालटी काढत होत्या. ताप आहे का?"

"नाही."

"रक्त?"

"नाही गं."

"किती वेळा झालं?"

"पहाटेपासून आठ दुपटी बदल—"

रिहामने तोंडावर हात ठेवला. रतीबाने कात्री खाली ठेवली.

"तालीनला देणार आहात तुम्ही?"

रिहामला रडू कोसळलं. "परवापासून चाललंय. सासूबाई म्हणतात, वरून जातं तेच खालून येतं, पाणी देऊ नकोस, अंगावर पाजू नकोस, तहान लागली की पोट आपोआप बंद होतं. रिझ्कचं पोट बिघडलं होतं तेव्हाची एक गोळी घरात उरलीय, ती पाव-पाव करून देणार आहेत. पुरणार नाही म्हणून मला पाठवलं."

"दिली का?"

"मी निघाले तेव्हा खलबत्ता शोधत होत्या."

रतीबाने कपाटातून क्षाराच्या पुड्यांचा मूठभर गठ्ठा उचलला आणि दुकान तसंच सताड उघडं टाकून ती पळत सुटली. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पायात घरातल्या चपला. मागून न्हावी ओरडला, "आग लागली का गं?" तिने वळूनही पाहिलं नाही. रिहाम तिच्यामागे रडत धावत होती.

हाजीण बाहेरच्या खोलीत गादीवर बसली होती. मांडीवर अकरा महिन्यांची तालीन, एका हातात चमचा. चमच्यात भाताची पेज आणि पेजेत पांढरी पूड. शेजारणी भोवती बसून दुआ पुटपुटत होत्या.

"थांबा! पाजू नका!"

"सलाम नाही, दुआ नाही, सरळ घरात घुसतेस?" हाजीणीने मान वर केली. "रिहाम, गोळी आणायला पाठवलं होतं, ही कोण आणलीस?"

"हाजीणबाई, तो चमचा खाली ठेवा. लहान मुलाला ही गोळी चालत नाही."

"इस्त्रीवाल्याची पोर मला मुलं वाढवायला शिकवणार? अगं, पाच वाढवलीत मी."

"पाच वाढवलीत. जन्माला किती घातली होतीत?"

शेजारणींची दुआ अर्ध्यावर तुटली. हाजीणीची सात बाळंतपणं झाली होती हे गल्लीला माहीत होतं. मधली दोन उन्हाळ्यात गेली होती, दोन्ही जुलाबाने, आणि त्याबद्दल तिच्यासमोर आजवर कोणी ब्र काढला नव्हता. बोलून गेल्यावर रतीबालाच चटका बसला. जीभ हासडून टाकावी असं तिला वाटलं. पण चमचा हवेतच थांबला होता, म्हणून ती पुढे झाली आणि हाजीणीच्या पायाशी जमिनीवर बसली.

"माफ करा. पण ऐका. ही गोळी आतड्याला झोपवते. मोठ्या माणसाचं आतडं पुन्हा जागं होतं. एवढ्याशा जिवाचं झोपलं की पोट फुगतं, गुंगी येते, श्वाससुद्धा मंदावतो. आणि जुलाब थांबले तरी गेलेलं पाणी अंगात परत येतं का? पोर जुलाबाने मरत नाही हाजीणबाई. तहानेने मरते. आपण तिला दोन दिवस तहानेलं ठेवलंय."

"मी तहानेलं ठेवलं म्हणतेस? माझ्या तालीनला?"

"तिचे डोळे बघा."

तालीनचे डोळे आत गेले होते. ती रडत होती, आवाज येत होता, पण गालावर पाणी नव्हतं. रतीबाने दुपटं चाचपलं. "लघवी कधी केली होती?"

रिहाम दारातून म्हणाली, "काल रात्री. त्यानंतर नाही."

"चला आरोग्य केंद्रात. आत्ता."

"का? तुझी चिठ्ठी संपली?" हाजीणीच्या आवाजात धार होती, पण पोरीला तिने छातीशी आवळलं होतं. "एवढी डॉक्टरीण आहेस तर कर इथेच."

"मी डॉक्टर नाही म्हणूनच चला म्हणते."

हाजीणीने चमचा ताटलीत आपटला. "चल! सगळ्या गल्लीसमोर चल. आणि माझ्या पोरीला काही झालं ना, तर उद्या तू या गावात दिसायची नाहीस."

"नाही दिसणार," रतीबा म्हणाली.

टुकटुक रिक्षात चौघी कोंबून बसल्या. मागून दोन शेजारणी पायीच निघाल्या. असला तमाशा कोण सोडतं?

आरोग्य केंद्रात डॉक्टर इस्रा होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बाहेर पन्नास माणसांची रांग. तिने तालीनला तोललं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश, आळसावल्यासारखी खाली बसली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला.

"जुलाब थांबवायचं काही दिलंत का? गोळी, पूड? खरं सांगा, मी रागावणार नाही."

रिहामने खाली पाहिलं. शेवटी हाजीणच खाकरली. "नाही दिलं." मग रतीबाकडे बोट करून, "हिने देऊ दिलं नाही."

"नशीब समजा. दिलं असतं तर मी आत्ता मन्सूराची गाडी बोलावत असते. आता नीट ऐका. एक पुडी, एक पेला उकळून गार केलेलं पाणी. चमच्याने, हळूहळू. मधेमधे आईचं दूध. चार तास इथेच अंगणात बसायचं, मी येऊन बघत राहीन. झोपाळली, सगळं ओकायला लागली, रक्त दिसलं तर मला ताबडतोब हाक मारा. आणि लघवी झाली तरी हाक मारा. मी त्याचीच वाट बघतेय."

अंगणात तुतीच्या झाडाखाली बाक होता. तिथे रिहाम पोरीला घेऊन बसली आणि रतीबाने पहिली पुडी कालवली. एक चमचा. दुसरा. सहाव्या चमच्याला तालीनने भडाभडा ओकून सगळं रिहामच्या अंगावर घातलं.

"बघितलंस?" हाजीण कडाडली. "वरूनही, खालूनही! पाणी पाजून मारणार तुम्ही माझी पोर!"

आपण चुकलो तर, हा विचार रतीबाला तेव्हा पहिल्यांदा शिवला. चिठ्ठ्या लिहिणं सोपं असतं, पेनाला पोरगी नसते. समोर अकरा महिन्यांचा जीव होता आणि नऊ वर्षं वाट पाहिलेली आई तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. पण पुडीबरोबरचा कागद तिने इतक्यांदा वाचला होता की पुढची ओळ आपोआप तोंडात आली.

"ओकली तर दहा मिनिटं थांबायचं. मग पुन्हा, आधीपेक्षा हळू."

दहा मिनिटं थांबल्या. पुन्हा एक चमचा. मनात शंभरपर्यंत मोजायचं. पुन्हा एक. या वेळी राहिलं.

हाजीण बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठ वळवून बसली होती. रतीबाला वाटलं ती जपमाळ ओढतेय. थोड्या वेळाने लक्षात आलं, की चमचा पोरीच्या तोंडात गेला की मणी सरकतोय. चमचा थांबला की मणीही थांबतो. हाजीण चमचे मोजत होती.

"किती झाले?" रतीबाने हळूच विचारलं.

"तुला काय करायचंय?" हाजीण गुरगुरली. मग म्हणाली, "बावीस."

तेहतीस मण्यांची माळ एकदा पुरी झाली तेव्हा दुपारची बांग झाली. मगदी डॉक्टर घाम पुसत फाटकातून आत आले. "रतीबा! दुकान उघडं टाकून? एक बाई स्वतःच कात्री घेऊन पट्ट्या कापत होती!" मग त्यांना हाजीण दिसली आणि त्यांचा सूर लगेच बदलला. "हाजीणबाई, हिच्यामुळे काही त्रास झाला असेल तर मी..."

"गप बस रे मगदी, आकडा चुकतो," हाजीण म्हणाली. मगदी गप बसले, पण गेले नाहीत. जाऊन एक खुर्ची घेऊन आले.

दुसरी माळ निम्मी झाली तेव्हा रतीबाचा हात भरून आला आणि चमचा हिंदकळायला लागला. हाजीणीने माळ रिहामच्या हातात कोंबली. "तू मोज. आण गं तो पेला इकडे. सांडतेस सगळं. पोरीला भरवायचं म्हणजे काय पट्टी कापायची आहे?" तिने तालीनला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि चमचा ओठांना टेकवून असा वाकवला की थेंबही बाहेर गेला नाही. पाच मुलं वाढवलेला हात होता तो, खोटं कशाला बोला. रतीबाने ते पाहिलं आणि तिला या भांडकुदळ बाईबद्दल भरून आलं. बाई दुष्ट नव्हतीच. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने, आणि त्या सगळ्या साखळीत कोणी एखादा कागद वाचून दाखवायला नव्हतं.

"त्या दोघांनाही मी पाणी दिलं नव्हतं," हाजीण पोरीकडे बघतच म्हणाली. एवढ्या हळू की फक्त रतीबाला ऐकू गेलं.

रतीबाने तिसरी पुडी फोडली आणि पाणी कालवायला घेतलं.

तिसऱ्या माळेला तालीन रडली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. रिहामने बोटाने टिपून ते सगळ्यांना दाखवलं. मग पोरीने दोन्ही हातांनी पेला धरला आणि चमच्याची वाट न बघता तोंड लावलं. डॉक्टर इस्रा तिसऱ्यांदा येऊन बघून गेली. म्हणाली, "सुधारतेय. पण लघवी?" सगळ्यांनी माना हलवल्या. चार तास भरत आले होते. रांगेतली माणसं आपापली दुखणी विसरून बाकाभोवती जमली होती. सगळ्यांच्या नजरा एका कोरड्या दुपट्यावर खिळल्या होत्या.

आणि हाजीण तफीदा भरवता भरवता एकदम थांबली. चमचा तिने अलगद पेल्यात ठेवला, मान खाली घालून मांडीकडे पाहिलं. काळ्या झग्यावर एक गरम डाग पसरत होता, पसरतच होता, आणि बाकावरून खाली धूळभरल्या जमिनीवर थेंब ठिबकायला लागले.

हाजीणीने डोकं मागे टाकलं, जीभ टाळूला लावली आणि असा लांबलचक हर्षाचा हुलकार दिला की तुतीवरच्या चिमण्या उडाल्या. रिझ्कच्या लग्नातसुद्धा तिने असा दिला नव्हता. रिहामने दिला, शेजारणींनी दिला, रांगेतल्या सगळ्या बायांनी दिला. डॉक्टर इस्रा एका पायात चप्पल घालून धावत बाहेर आली. "काय झालं? काय झालं?"

"मुतली!" हाजीण सगळ्या आरोग्य केंद्राला ऐकू जाईल अशी ओरडली. "माझी तालीन मुतली! या, बघा सगळे! मगदी, तूही ये!"

"अभिनंदन," डॉक्टर इस्रा हसत म्हणाली. "पण घरीही पुडी चालू ठेवायची, दूध तोडायचं नाही आणि मी देते ते जस्ताचं औषध दहा दिवस घ्यायचं. उद्या सकाळी पुन्हा दाखवायला आणा."

"ऐकलंस ना रिहाम? पाज तिला, भरपूर पाज." कोणीतरी झगा पुसायला फडकं पुढे केलं. हाजीणीने ते हात झटकून मागे सारलं. "कोणी हात लावायचा नाही. असाच घालून जाणार मी गल्लीतून."

रतीबा बाकाला धरून उभी राहिली होती. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. हाजीण तिच्यासमोर आली, तिला खांदा दाबून खाली बसवलं, आणि ओलीचिंब, खिदळणारी तालीन तिच्या मांडीत ठेवली.

"धर," ती म्हणाली. "पुढची धार तुझ्यावर."